थिबा राजवाडा, रत्नागिरी: सरकारने बंदिवान राजासाठी बांधलेले घर

रत्नागिरी शहराच्या दक्षिण अंगाला, जिथून भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र एका नजरेत दिसतो अशा उंचवट्यावर, थिबा राजवाडा उभा आहे. जांभ्या दगडाचे बांधकाम, उतरती छपरे, कमानींच्या ओळी आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या असलेली ही तीन मजली वास्तू १९१० मध्ये पुरी झाली, आणि ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कुटुंबासह तिथे राहायला गेला. शहर पाहायला येणाऱ्यांना रत्नदुर्ग, टिळकांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर यांच्या जोडीने हे ठिकाण दाखवले जाते, आणि इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला इथे नजरकैदेत ठेवले होते एवढ्या एका वाक्यात त्याची ओळख बहुधा उरकली जाते.

त्या वाक्यात चूक नाही. पण वास्तूचा इतिहास समजून घ्यायला ते पुरत नाही. थिबा रत्नागिरीत उतरला तो एप्रिल १८८६ मध्ये आणि वारला तो डिसेंबर १९१६ मध्ये. तीस वर्षांहून अधिक काळच्या या मुक्कामापैकी जेमतेम सहा वर्षे तो या घरात राहिला. आधीची चोवीस वर्षे त्याने सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यांत काढली. शिवाय घराची मालकी त्याच्याकडे एक दिवसही नव्हती. बांधकामाचा खर्च सरकारने मंजूर केला, काम सरकारने करवून घेतले, पहारा सरकारने बसवला आणि राजाचे कुटुंब निघून गेल्यावर घर सरकारकडेच राहिले. प्रस्तुत प्रकरणात या वास्तूकडे याच बाजूने पाहिले आहे. तिचा आकार, तिची शैली, तिच्या वाट्याला आलेली उपेक्षा आणि आजचा तिचा उपयोग या सगळ्यांचा उलगडा राजाच्या वैभवातून फारसा होत नाही, तो सरकारी ताब्याच्या हकिगतीतून होतो, असे या अभ्यासाचे म्हणणे आहे.

सागवानाचे भांडण

थिबा हा कोनबाँग घराण्याचा अखेरचा राजा. वडील मिंडोन यांच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये तो गादीवर बसला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मठात शिकलेला आणि बौद्ध धर्मग्रंथांच्या परीक्षेत चमकलेला हा तरुण राज्यकारभाराला तयार नव्हता. खरी सूत्रे त्याची सासू आणि पट्टराणी सुपयालात यांच्याकडे होती असे मानले जाते. १८७९ च्या आरंभी राजघराण्यातील अनेक स्त्री-पुरुषांची आणि मुलांची हत्या झाली. वारसाहक्काचे दावेदार संपवण्यासाठी झालेले हे कृत्य इंग्रजी वृत्तपत्रांनी पुढे वर्षानुवर्षे उगाळले. ते घडले होते हे खरेच. मात्र राज्य खालसा होण्याचे कारण ते नव्हे.

कारण सागवानाचे होते. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी राजाच्या ताब्यातील जंगलांतून सागवान तोडून नेत असे. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि त्यांची रॉयल्टी बुडवली असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने १८८५ मध्ये कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच सुमारास थिबाचा दरबार फ्रेंचांशी संधान बांधत होता, त्यामुळे व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या सरकारला हे भांडण आयतेच हाती आले. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्यावर फौजा इरावती नदीतून वर निघाल्या आणि दोन आठवड्यांच्या आत राजधानी मंडाले पडले. जनरल प्रेंडरगास्ट याने राजा, राणी आणि सोबतच्या मंडळींना आगबोटीत बसवून रंगूनला आणि तिथून मद्रासला धाडले. १ जानेवारी १८८६ रोजी वरचा ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचे जाहीर झाले.

मद्रासमध्ये राजाला फार काळ ठेवले नाही. राणीला तिथे तिसरी मुलगी झाली आणि काही आठवड्यांतच सगळ्यांना 'क्लाइव्ह' या बोटीने रत्नागिरीला आणले गेले. हे ठिकाण निवडण्यामागचा हिशेब नकाशा पाहिला की कळतो. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती थेट १९९८ मध्ये. घाटावर जायचे तर बैलगाडीचा रस्ता, मुंबईला जायचे तर बोट, आणि पावसाळ्याचे चार महिने बोटही बंद. मद्रासहून रंगूनला जहाजांची नित्याची ये-जा होती, ब्रह्मदेशाशी व्यापार करणारी माणसे होती. रत्नागिरीत यातले काही नव्हते. जिल्ह्याचे ठाणे असल्याने कलेक्टर, पोलीस आणि सिव्हिल सर्जन मात्र हाताशी होते. बंदिवानाला जगापासून तोडायचे आणि तरी त्याच्यावर रोज लक्ष ठेवायचे, तर याहून सोयीचे गाव सापडणे कठीण होते.

पदच्युत राजाला त्याच्या मुलखापासून लांब नेऊन ठेवण्याची ही रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. दुसरे बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले, साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज काशीला, बडोद्याचे मल्हारराव मद्रासला. बहादूरशहा जफर यांना रंगूनला पाठवले गेले आणि १८६२ मध्ये ते तिथेच वारले. थिबाचे प्रकरण या मालिकेतले असले तरी एका बाबतीत वेगळे आहे: त्याच्यासाठी सरकारने, चोवीस वर्षांनी का होईना, मुद्दाम एक भव्य वास्तू उभारली.

चोवीस वर्षांचा उशीर

रत्नागिरीत आल्यावर राजाचे बिऱ्हाड सरकारी अमलातल्या बंगल्यांत मांडले गेले. साहेबलोकांच्या छोट्या कुटुंबांसाठी बांधलेले ते बंगले; त्यांत राजा, दोन राण्या, मुली आणि नोकरचाकर यांची सोय लावायची होती. चौथी मुलगी १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. मुली वाढल्या, नोकर वाढले, पण जागा तेवढीच राहिली. देखरेखीला एक पोलिटिकल ऑफिसर नेमलेला होता आणि राजाची प्रत्येक मागणी त्याच्यामार्फत वर जाई. सरकारी कागदांत त्याचा उल्लेख 'माजी राजा' असा होई. घरात मात्र दरबारी रिवाज पाळले जात आणि नोकरांना राजासमोर गुडघ्यांवर यावे लागे. मिळणारा तनखा पुरत नसे. मंडालेहून सोबत आणता आलेले दागिने आणि रत्ने एकेक करून विकली गेली, कर्जे झाली, आणि ती कर्जे हा सरकारी पत्रव्यवहाराचा नित्याचा विषय होऊन बसला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिली अनेक वर्षे सरकारने मोठे घर बांधले नाही याचे कारण नुसते काटकसरीत शोधणे पुरेसे नाही. कायमचे घर बांधणे म्हणजे राजा कायमचा इथेच राहणार हे कागदावर आणणे, आणि राजाच्या बाजूने पाहिले तर ते घर मागणे म्हणजे परतीची आशा सोडणे. दोन्ही बाजूंना तात्पुरती सोय हीच सोयीची होती. विसावे शतक उजाडेपर्यंत वरच्या ब्रह्मदेशातील बंडाळी शमली होती, राजा चाळिशी ओलांडून गेला होता आणि मुलींच्या लग्नाचे वय उलटत चालले होते. तेव्हा घराचा प्रश्न निकालात निघाला. माझ्या मते या वास्तूचा पाया भरला गेला तो राजाच्या प्रतिष्ठेची कोणाला आठवण झाली म्हणून नव्हे. थिबा मंडालेला परत जाणार नाही याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही म्हणून.

राजानेही आपले हक्क सोडले होते असे नाही. पंचम जॉर्ज १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात आले, त्या सुमारास थिबाने ब्रह्मी राजघराण्याच्या प्रसिद्ध माणकाची दाद त्यांच्याकडे मागितली. शरण येण्याच्या गडबडीत हे 'न्गा माउक' माणिक इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडन याच्या हाती पडले आणि परत आलेच नाही, अशी त्याची तक्रार होती. माणिक मिळाले नाही. नव्या प्रशस्त घरात राहून राजा जुन्या चीजवस्तूंची मागणी करत होता, एवढे यातून दिसते.

वास्तू

राजवाड्याची मांडणी पाहताना मंडालेचा राजवाडा नजरेसमोर ठेवावा. मिंडोन राजाने १८५७ नंतर वसवलेल्या त्या राजधानीत मुख्य इमारती सागवानी लाकडाच्या, उंच चौथऱ्यावर पसरलेल्या आणि एकमजली होत्या. राजाच्या डोक्यावर कोणी वावरणे हा त्याचा अवमान समजला जाई, त्यामुळे इमारतीचा मोठेपणा मजल्यांवरून ठरत नसे. सिंहासनावर एकावर एक चढत गेलेल्या छपरांच्या शिखरावरून ठरे. रत्नागिरीच्या वास्तूत यातले काहीच नाही. ती तीन मजली आहे, तिचे बळ दगडी बांधकामात आहे, आणि तिच्या दर्शनी बाजूला सममितीने मांडलेल्या कमानी आणि सज्जे आहेत. ब्रह्मी शिखर तिच्यावर कुठेही नाही. आराखड्यात राजाने स्वतः लक्ष घातले होते असे रत्नागिरीत सांगतात आणि ते अशक्यही नाही. पण उभे राहिले ते सरकारी बांधकामाच्या परिचित पठडीतले, आकाराने वाढवलेले आणि नक्षीने सजवलेले घर. कोकणातली त्या काळातली कचेरी, न्यायालय किंवा साहेबाचा बंगला ज्याने पाहिला असेल, त्याला इथल्या भिंती, व्हरांडे आणि उतरती छपरे ओळखीची वाटतील.

भिंती जांभ्याच्या आहेत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, त्याचे चिरे हत्याराने सरळ पाडता येतात आणि वाऱ्याउन्हात ते टणक होत जातात. तो सच्छिद्र असतो आणि पावसात पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यात ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ही बाब लहान नव्हे. चुन्याच्या सांध्यांमधून आणि गिलाव्यामधून ते पाणी पुढच्या आठ महिन्यांत बाहेर पडते. जुन्या घरांना डागडुजीच्या नावाखाली सिमेंट लावले की ही वाट बंद होते, ओल आतल्या बाजूला फुटते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. कोकणातल्या जुन्या जांभ्याच्या घरांचे दुखणे बहुतेक वेळा हेच असते, आणि समुद्रावरून येणारा नैऋत्येचा पाऊस थेट अंगावर घेणाऱ्या या वास्तूच्या देखभालीतही सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. खारी हवा लोखंड खाते, म्हणून बिजागऱ्या, खिळे आणि कड्या लाकडाच्या कितीतरी आधी जातात.

लाकूड ब्रह्मी सागाचे आहे. सागात मुळचे तेल असते, त्यामुळे वाळवी आणि ओल यांना तो सहजी बळी पडत नाही. एवढी वर्षे या घराच्या खिडक्या टिकल्या याचे श्रेय देखभालीपेक्षा लाकडालाच अधिक द्यावे लागेल. त्या खिडक्या हे या वास्तूचे खरे देखणेपण आहे. वरचा भाग अर्धवर्तुळाचा, त्यात लाकडी कोरीवकामाच्या चौकटी आणि रंगीत इटालियन काचा. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे मोठे दालन आहे, ते नृत्यगृह म्हणून ओळखले जाते. मागच्या बाजूला राजाने ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या थाटात राजाच्या स्वतःच्या आयुष्याशी जोडलेली अशी ती एकच गोष्ट आहे; कारण मठात घेतलेले शिक्षण ही त्याची अशी मिळकत होती जी कोणाला जप्त करता आली नाही.

सागवानाच्या संदर्भात एवढे नोंदवून पुढे जावे. ज्या लाकडाच्या हिशेबावरून राज्य गेले तेच लाकूड या घरात वापरले गेले, ज्या कंपनीचे भांडण होते ती मुंबईची होती, आणि राजाचा बंदोबस्त ज्या प्रांतिक सरकारकडे आला तेही मुंबईचेच. हा योगायोग मुद्दाम कोणी घडवून आणलेला नाही. ब्रह्मी साग पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा उत्तम बांधकामाचे नेहमीचे लाकूड होते, आणि ते तसे झाले होते ते अशाच कंपन्यांच्या व्यापारामुळे.

मंडालेत टिळक, रत्नागिरीत थिबा

रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात होते, म्हणजे थिबा नव्या घरात आला तेव्हा टिळक त्याच्या जुन्या राजधानीत होते. १९१०-११ च्या ज्या हिवाळ्यात राजाचे कुटुंब या दालनांत स्थिरस्थावर होत होते, त्याच हिवाळ्यात मंडालेच्या लाकडी फळ्यांच्या बराकीत टिळक पेन्सिलीने आपला मोठा ग्रंथ लिहीत होते. हे साम्य रत्नागिरीच्या प्रत्येक भाषणात येते आणि येणारच. पण त्यामुळे एक महत्त्वाचा फरक झाकला जातो. टिळकांवर आरोप ठेवला गेला, खटला चालला, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगून ते परतले. थिबावर खटला कधी झाला नाही, शिक्षा कधी सुनावली गेली नाही आणि त्यामुळे ती संपण्याची तारीखही कधी ठरली नाही. घर बांधून देणे हा त्या बेमुदत कैदेचाच एक भाग होता.

सहा वर्षे आणि त्यानंतर

नव्या घरात राहायला गेल्यावर कुटुंबाच्या अडचणी सुटल्या नाहीत, फक्त त्यांना मोठी जागा मिळाली. थोरल्या राजकन्येला राजाच्या चाकरीतील गोपाळ सावंत यांच्यापासून १९०६ मध्ये मुलगी झाली होती. टूटू हे तिचे नाव. राजघराण्याच्या तोलामोलाची स्थळे ब्रह्मदेशात होती आणि तिकडे जायची बंदी होती, इथल्या माणसाशी लग्न राजाला मान्य नव्हते, आणि सरकारला या प्रश्नात पडायचे नव्हते. चारही मुली वाढलेल्या वयाच्या आणि अविवाहित अशा अवस्थेत या घरात वावरत होत्या. राजाची धाकटी राणी, सुपयालातची सख्खी बहीण, १९१२ मध्ये वारली. डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला, तेव्हा तो अठ्ठावन्नाव्या वर्षात होता.

या मृत्यूनंतर जे घडले त्यात घराचे खरे स्वरूप उघडे पडते. नवऱ्याचे आणि बहिणीचे शव मंडालेला नेऊ द्यावे अशी सुपयालातची मागणी होती आणि ती मान्य होईपर्यंत दफन करायला तिने नकार दिला. राजाचे शव ब्रह्मदेशात नेले तर तिथे लोकांच्या भावना भडकतील या धास्तीने सरकारने परवानगी दिली नाही. शवपेट्या दोन वर्षांहून अधिक काळ आवारात तशाच राहिल्या. अखेर मार्च १९१९ मध्ये सरकारने राणीच्या इच्छेविरुद्ध रत्नागिरीतच दफन उरकले. ज्या घरात तिचा नवरा वारला त्या घराच्या आवारात त्याचे शव ठेवायचे की नाही, एवढेदेखील तिच्या हाती नव्हते. त्यानंतर लगेच कुटुंबाला रंगूनला जायची मुभा मिळाली. राणी १९२५ मध्ये रंगूनला वारली आणि तिचीही समाधी रंगूनमध्येच आहे. मंडालेला ती कधी परतली नाही. दुसऱ्या राजकन्येने १९१७ मध्येच आईचा विरोध पत्करून लग्न केले होते आणि पुढचे आयुष्य कालिम्पोंगला काढले. चौथी राजकन्या ब्रह्मदेशात राजघराण्याच्या हक्कांसाठी सरकारशी भांडत राहिली आणि १९३६ मध्ये मौलमीनला वारली.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. तिची मुलगी मराठी बोलत वाढली होती, तिचे संसाराचे धागे इथेच गुंतले होते. तिने उरलेले आयुष्य याच गावात एका साध्या घरात, थोड्याशा तनख्यावर काढले आणि १९४७ मध्ये ती वारली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीतल्या एका कष्टकरी कुटुंबात संसार करून २००० मध्ये गेली. ती अस्सल रत्नागिरीकर होती आणि आजोबांच्या मुलखाची भाषा तिला येत नव्हती. आईच्या घरापासून राजवाडा दूर नव्हता. पण त्यावर या दोघींचा कसलाही हक्क नव्हता, कारण तो त्यांच्या बापाआजोबांचा कधी नव्हताच. खासगी मालकीचा वाडा असता तर वारसांमध्ये वाटण्या झाल्या असत्या, कदाचित कोर्टकज्जे होऊन तो पडलाही असता. इथे वारसाचा प्रश्नच उद्भवला नाही. इमारत सरकारी मिळकत म्हणून राहिली, अधिकाऱ्यांची निवासस्थाने आणि कचेऱ्या तिच्यात आल्या, स्वातंत्र्यानंतर काही काळ शासकीय तंत्रनिकेतनानेही ती वापरली, आणि पुढे राज्य संरक्षित स्मारक म्हणून ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आली. तिचे सामानसुमान पांगले, पण भिंती, छप्पर आणि खिडक्या राहिल्या. सरकारी वापराने तिची शोभा कमी झाली हे खरे, आणि रोज कोणीतरी दारे उघडत होते म्हणून ती उभी राहिली हेही तितकेच खरे.

या तुलनेत मंडालेच्या राजवाड्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी तिथे छावणी केली आणि राजाच्या दालनांत चक्क क्लब थाटला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी तो हलवायला लावला. मार्च १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील माऱ्यात लाकडी राजवाडा जळून गेला. आज तिथे दिसतो तो १९८९ नंतर नव्याने उभारलेला. मूळचे एक दालन वाचले तेही योगायोगाने: मिंडोन राजा ज्या महालात वारला तो थिबाने स्वतःच सोडवून किल्ल्याबाहेर नेला होता आणि त्याचा मठ केला होता.

आजची स्थिती आणि एक अपुरे काम

राजवाड्यात आज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा रत्नागिरी विभाग आणि त्याचे वस्तुसंग्रहालय आहे. कोकणातील शिल्पे आणि इतर पुरावशेष यांच्यासोबत राजाच्या काळातील काही वस्तू पाहायला मिळतात. रत्नागिरीच्या आर्ट सर्कल या संस्थेने जानेवारीत आवारात भरवलेल्या संगीत महोत्सवामुळे ही वास्तू शहराच्या सांस्कृतिक जगण्याचा भाग झाली, आणि स्मारक म्हणजे तिकीट काढून पाहायची बंद जागा ही समजूत मोडली. जुन्या दगडी दर्शनी भागासमोर उघड्यावर ऐकलेल्या गाण्याने या वास्तूविषयी गावात जेवढी आस्था तयार केली, तेवढी माहितीफलकांनी केलेली नाही.

म्यानमारचेही इकडे लक्ष आहे. तिथले राष्ट्राध्यक्ष थीन सीन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये रत्नागिरीला येऊन राजाच्या समाधीला भेट दिली. २०१६ मध्ये मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा राजाचे वंशज म्यानमारहून आले आणि समाधीपाशी धार्मिक विधी झाले. भारतीय पंतप्रधानांनी यांगूनमधल्या (पूर्वीच्या रंगूनमधल्या) बहादूरशहाच्या कबरीला दिलेल्या भेटींची ही दुसरी बाजू म्हणता येईल. समाधी मात्र राजवाड्यापासून वेगळी, शहराच्या शिवाजीनगर भागात आहे. राजवाडा पाहून परतणारे बहुसंख्य लोक तिकडे फिरकत नाहीत, कारण राजवाड्यात त्यांना जी गोष्ट सांगितली जाते ती खिडक्या, संगमरवर आणि खाडीवरचा सूर्यास्त यांपाशी संपते.

वस्तुसंग्रहालयाच्या मांडणीत बदल करायचा झाला तर तो इथून करावा. या घराचा अस्सल दस्तऐवज म्हणजे मंजुऱ्या, खर्चाचे हिशेब, देखरेखीचे अहवाल आणि राजाचे अर्ज. हा सरकारी पत्रव्यवहार अभिलेखागारांत जपलेला आहे आणि त्याच्या निवडक प्रती मराठी सारांशासह या दालनांत लावणे हे काही खर्चाचे काम नाही. मंडालेच्या एकमजली लाकडी राजवाड्याचे आणि या तीन मजली दगडी घराचे आराखडे शेजारी शेजारी ठेवले, तर राजाला काय दिले गेले आणि काय दिले गेले नाही हे शाळकरी मुलालाही दिसेल. १९१० पूर्वीच्या चोवीस वर्षांसाठी एक खोली, १९१६ ते १९१९ या शवपेट्यांच्या वर्षांसाठी एक भिंत आणि राजवाड्यातून बाहेर पडताना शिवाजीनगरच्या समाधीची वाट दाखवणारा एक ठळक फलक, एवढे झाले तरी पाहणारा इथून समाधीकडे वळेल. दुरुस्तीच्या बाजूने मागणी त्याहून साधी आहे: पश्चिमेच्या भिंतींवर सिमेंट येऊ न देता चुन्याचेच काम करणारे गवंडी दर पावसाळ्याआधी मिळतील अशी कायमची तरतूद हवी, कारण कोकणात असे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि ते निविदेच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळत नाहीत.